लिस्टची मेमरीतली जागा आधीच राखावी की लागेल तशी वाढू द्यावी?

बाइटवेडा:
डेटासोबत घटकांची संख्या येत असताना रिकामी लिस्ट घेऊन भरत बसणं मला पटत नाही. सी शार्प भाषेतली लिस्ट पहिल्या घटकाला 4 ची जागा घेते, भरली की दुप्पट होते. 10 लाख घटक वाचेपर्यंत ती आणखी 18 वेळा नवी जागा मागते आणि दरवेळी जुनं सगळं तिकडे कॉपी करते. त्यात 85,000 बाइट्स ओलांडलेले जुने अ‍ॅरे लार्ज ऑब्जेक्ट हीपवर (मोठ्या वस्तूंसाठीच्या मेमरीत) जातात आणि जनरेशन 2 चं कलेक्शन (नको असलेल्या मेमरीची पूर्ण साफसफाई) होईपर्यंत तिथेच पडून राहतात. लिस्ट तयार करतानाच कन्स्ट्रक्टरला एक आकडा दिला की हे सगळं टळतं.

शंकेखोर:
पण तो आकडा पाठवतंय कोण? मेसेजपॅकमध्ये (डेटा बाइट्समध्ये बांधून पाठवायच्या फॉरमॅटमध्ये) 5 बाइट्सचं हेडर, म्हणजे सुरुवातीची नोंद, 429 कोटी घटकांचा दावा करू शकतं. त्यावर विसंबून जागा मागितलीत तर एकही घटक न येता सर्व्हर आडवा. दुप्पट वाढीत दर घटकामागे सरासरी एखादीच कॉपी पडते. तेवढ्यासाठी हे दार उघडं ठेवायचं?

बाइटवेडा:
दार उघडं कशाला, मर्यादा घाला! मेसेजपॅकचा कुठलाही घटक किमान 1 बाइटचा असतो. बफरमध्ये (आलेला डेटा ठेवलेल्या जागेत) 200 बाइट्स उरलेत आणि हेडर 429 कोटी म्हणतंय, तर संदेश तिथेच फेटाळा. रस्ट भाषेतलं सर्डे (डेटा वाचणारी लायब्ररी) संख्येची सूचना मानतं, पण आगाऊ जागा साधारण 1 एमबीपुढे देत नाही.

जावाकर:
जावात आणखी एक मेख आहे. हॅशमॅपला (किल्लीवरून नोंद शोधणाऱ्या रचनेला) 1000 दिलं की टेबल 1024 चं होतं, पण लोड फॅक्टर (किती भरल्यावर टेबल वाढवायचं ते प्रमाण) 0.75, म्हणजे 769 वी नोंद आली की पुन्हा वाढ. जागा राखूनही हेलपाटा चुकत नाही. जावा 19 मधली न्यूहॅशमॅप मेथड हा हिशोब स्वतः करते. आणि जेसनमध्ये (मजकुराच्या रूपातल्या डेटा फॉरमॅटमध्ये) संख्या आधी येतच नाही, तिथे हा वादच गैरलागू.

शंकेखोर:
बफरची तपासणी मान्य. स्ट्रीममध्ये (डेटा थोडा थोडा येत असताना) मात्र किती बाइट्स उरलेत हे कळत नाही, तिथे सर्डेसारखी मर्यादाच हवी. ती लायब्ररीत एकदाच, नीट बसवा. अ‍ॅप्लिकेशनच्या कोडमध्ये प्रोफायलर (कोड कुठे वेळ आणि मेमरी खातो ते मोजणारं साधन) न लावता जागोजागी आकडे पेरायला माझा विरोध कायम आहे. पुढे डेटा बदलतो, आकडे तसेच राहतात.