वारा सुटला असताना परसातले आणि नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी कसे पाहावेत?

सिन्नरकर: दोन दिवस बोचरा वारा आहे. परसात एरवी बुलबुल, वटवट्या, शिंजीर असतात, आता चिटपाखरू नाही. टांगलेल्या ताटलीतली बाजरी उडून जाते. रविवारी नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळ पक्षी अभयारण्यात जायचा बेत आहे. जवळ 8 बाय 42 ची दुर्बीण आणि 20-60 पटींचा स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवर लावायची, एका डोळ्याने पाहायची दुर्बीण) आहे. जावं की पुढे ढकलावं?

पाणकणीस: जरूर जा, पण उजाडताना पाण्यावर हजर राहा. रात्री जमीन गार पडते, त्यामुळे पहाटे वारा मंद असतो. ऊन चढलं की तो वाढतो, दुपारी सर्वात जोर.

काठ निवडताना वारा पाठीवर घ्या. वारा ज्या बाजूने येतो त्या काठालगत, पाणकणसाच्या आडोशाला पाणी संथ राहतं, आणि वारकरी, थापट्या, हळदीकुंकू बदकं तिथेच गोळा होतात. शिवाय पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतात, म्हणजे चेहरे तुमच्याकडे. बदकं उतरतातही वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, तुमच्या समोरून. वारा पूर्वेचा असला तर सकाळचं ऊनही पाठीशी येतं, याहून चांगली जागा नाही. मधल्या उघड्या पाण्यावर मोजणी करू नका. लाटांआड छोटी बदकं लपतात आणि आकडा हमखास कमी येतो.

दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी मात्र अशाच दिवशी बघावा! वाऱ्याला तोंड देत गवतावरून इतका हळू सरकतो की पंखांखालची बाजूही नीट न्याहाळता येते.

परसदार: परसातले पक्षी गेलेले नाहीत, खाली उतरलेत. कुंपणाची, भिंतीची वारा न लागणारी बाजू बघा, जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीपर्यंत. किडेही तिथेच साचतात, म्हणून नाचण आणि दयाळ आधी तिथे दिसतील. कानावर विसंबू नका, हलणारी फांदी सोडून वेगळ्या लयीत हलणारं पान शोधा.

ताटली टांगू नका. जड मातीची परात भिंतीच्या आडोशाला ठेवा, काठ बोटभर उंच हवा, दाणे मूठभरच. वेगळ्या भांड्यात पाणी दोन-तीन सेंटिमीटर, मध्ये एक दगड. मांजर दबा धरेल अशा झुडपापासून थोडं लांब. संक्रांत जवळ आली आहे, झाडांत अडकलेला मांजा आत्ताच काढून टाका. नायलॉनच्या मांज्यात पंख गुंतला की पक्षी स्वतः सुटत नाही.

सिन्नरकर: आभार. स्कोप तिथल्या निरीक्षण मनोऱ्यावर लावू का?

पाणकणीस: नको, वर वारा जास्त आणि लोकांच्या पावलांनी फळ्या हादरतात. खाली बसून पाहा. ट्रायपॉडचे बारीक, खालचे भाग उघडू नका, मधला दांडा वर काढू नका, पाय पसरून ठेवा. पिशवी अडकवायची तर ती जमिनीला टेकलेली हवी, लोंबकळली की उलट झोके देते. स्कोपचा पट्टा काढा, तो फडफडतो. 20-25 पटींवरच थांबा. 60 वर थरथरच मोठी दिसते.