शब्दचर्चा : 'ओपन' म्हणजे खुलं, मुक्त की मोकळं?

प्रश्न : जालना, कार्यालयीन लिपिक

नमस्कार मंडळी. संगणक आणि त्यांवरचं कार्यालयीन सॉफ्टवेअर घ्यायच्या निविदेचा मराठी मसुदा करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. इंग्रजी नमुन्यात 'ओपन स्टँडर्ड' आणि 'ओपन सोर्स' असे दोन वेगळे शब्द आहेत. आमच्या जुन्या मसुद्यात मात्र दोन्हींच्या जागी 'खुली प्रणाली' असं एकच लिहिलेलं होतं. त्यावर एका पुरवठादारानं लेखी कळवलं होतं, "आमचे सॉफ्टवेअर कोणत्याही संगणकावर खुलते, सबब ते खुले आहे." हसू नका. तो कागद फायलीला लागलेला आहे आणि त्याला नाही म्हणायला मसुद्यात आधारच नव्हता.

तर खुला, मुक्त, मोकळा, उघडा यातलं काय लिहू? स्टँडर्डला मानक म्हणू की प्रमाण? शब्द असा सांगा की सभेत वाचून दाखवला तर सदस्यांना कळला पाहिजे.

उत्तर : छत्रपती संभाजीनगर, निवृत्त भाषाशिक्षक

'खुला' हा शब्द आपल्याकडं फार ठिकाणी राबतो. खुल्या प्रवर्गात त्याचा अर्थ 'आरक्षणात न येणारा', खुल्या निविदेत 'कुणीही भरावी अशी', खुल्या भूखंडात नुसता 'बांधकाम नसलेला'. यातल्या कशातही 'आत काय आहे ते बघता येतं' हा अर्थ नाही. तुमच्या पुरवठादारानं हिंदीतलं 'खुलना' आणून चौथा अर्थ काढला. मराठीत दार उघडतं, फूल आणि चेहरा खुलतो. फाइल खुलत नाही.

जाता जाता सांगतो, 'खुलासा' या शब्दाचा 'खुला'शी काही संबंध नाही. तो अरबीतून आला, मूळ अर्थ सार, निष्कर्ष. आणि आमच्या जुन्या मोहल्ल्यांत 'खुला' म्हटलं तर बायकोनं मागून घेतलेला तलाक आधी आठवतो. तोही अरबीच, पण वेगळा शब्द.

'उघडा' सोडून द्या. 'उघडं सॉफ्टवेअर' म्हटलं की कुलूप लावायचं राहून गेलंय असं वाटतं, आणि सुरक्षेची शंका काढणाऱ्यांना तेवढंच पाहिजे असतं. 'मोकळा' मला कानाला आवडतो, पण मोकळा माणूस म्हणजे काम नसलेला, आणि कर्ज फेडून 'मोकळा झाला' म्हणजे सुटला. निविदेत नको.

उत्तर : परभणी, महाविद्यालयीन ग्रंथपाल

माझं मत 'मुक्त'ला. 'ओपन युनिव्हर्सिटी'चं 'मुक्त विद्यापीठ' आपण १९८९ मध्येच केलं, आणि त्या शब्दावर कुणी अडलं नाही. जेवणावळीत सगळ्यांना वाढायचं असलं की 'मुक्तद्वार' म्हणायची पद्धत तर त्याहून जुनी. शिवाय १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन पाळणाऱ्या मुलखाला 'मुक्त'चा अर्थ समजावून सांगायची गरज पडू नये.

शब्दाच्या इतिहासातही आपली बाजू भक्कम आहे. अमेरिकन प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू हा सगळ्यांना वापरता-बदलता येईल अशा संगणकप्रणालीचा प्रकल्प जाहीर केला तेव्हा त्यांचा शब्द होता 'फ्री सॉफ्टवेअर'. इंग्रजीत 'फ्री' म्हणजे स्वतंत्रही आणि फुकटही, त्यामुळं दर वेळी 'फ्री म्हणजे फुकट नव्हे' हे सांगत बसावं लागायचं. हा घोळ टाळायचा आणि धंदेवाल्यांना शब्द पचावा, म्हणून १९९८ मध्ये क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवलेला 'ओपन सोर्स' हा शब्द पुढं आला. आपल्याकडं 'मोफत' आणि 'मुक्त' हे पहिल्यापासून दोन शब्द आहेत. एक फारसीच्या वाटेनं आलेला, दुसरा संस्कृत. कानाला जवळचे, पण नातं काहीच नाही. म्हणजे ज्या अडचणीपायी इंग्रजीला नवा शब्द काढावा लागला ती अडचण मराठीला नव्हतीच. आपण उगाच त्यांच्या दुसऱ्या शब्दाचं भाषांतर करत बसलोय.

आमच्या क्षेत्रातलं उदाहरण द्यायचं तर 'कोहा' हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेनं करून घेतलं, जानेवारी २००० मध्ये वापरात आलं, आणि सगळ्यांसाठी मुक्त ठेवलं. 'कोहा' हा माओरी शब्द आहे. त्याचा अर्थ भेट, पण जिची परतफेड कधीतरी करायची असते अशी. लग्नात वह्या घालून लिहून ठेवतात तो आहेर आठवतो की नाही? माझ्या मते 'मोफत'पेक्षा 'आहेर' या कल्पनेच्या जास्त जवळ जातो, पण निविदेत 'आहेर' लिहिलात तर चौकशी लागेल.

उत्तर : लातूर, डाळमिल

मॅडम, तुमचं पटलं, पण बाजारात 'मुक्त' म्हणलं की लोक 'कशापासून मुक्त' असं इचारायलेत. कर्जमुक्त, टँकरमुक्त, हागणदारीमुक्त. मी परवा मुनीमजींना 'ओपन सोर्स'साठीचा 'मुक्तस्रोत' हा शब्द दाखवला, तर ते म्हणले, "म्हणजे बोअर आटला का?"

आमचं दुखणं वेगळंय. हिशोबाचं एक सॉफ्टवेअर बरीच वर्षं वापरलं. कंपनीनं पुढची आवृत्ती काढली, जुनी बंद केली, आणि आमच्या खतावण्या जुन्या फाइलीत राहिल्या. नवी आवृत्ती घ्या नाहीतर कागदावरून परत टाका, असा हिशोब. आकडे आमचे, डाळ आमची, आणि चावी तिसऱ्याच्या खिशात. इंग्रजीत याला 'लॉक-इन' म्हणतात असं पोरगं सांगतं. त्याला मराठी शब्द आहे का? मी तर 'दावणीला बांधलं' म्हणतो.

उत्तर : नांदेड, अक्षरजुळणी आणि भाषांतर

'दावण' हा शब्द कुठल्याही कोशाला बोलवून दाखवावा असा आहे, मी तो वापरणार. पण मालक, तुमच्या फायली ज्या कारणानं अडकल्या त्यावर 'मुक्तस्रोत' हा पुरेसा इलाज नाही. तिथं लागतं 'ओपन स्टँडर्ड'. जालन्याच्या भाऊंच्या प्रश्नातली खरी गोम हीच आहे आणि आपण इथं तासभर एकाच 'ओपन'भोवती फिरतोय.

स्टँडर्ड म्हणजे ठरवून दिलेली रीत. माहिती कशी साठवायची, कशी पाठवायची, याचं लिखित वर्णन. सोर्स म्हणजे एखाद्या विशिष्ट सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, प्रोग्रामरनं लिहिलेल्या सूचना. मोंढ्यात काटा कुणाच्याही आडतीवरचा असो, किलो हा कुणाच्या मालकीचा नसतो. पायली मात्र गावागावाला वेगळी होती आणि भांडण तिथंच व्हायचं. किलो हे मानक, काटा हे सॉफ्टवेअर. काट्याच्या आतली यंत्रणा बंद असली तरी तो किलोत मोजू शकतो. म्हणूनच बंद सॉफ्टवेअरसुद्धा खुल्या मानकात फाइल जपून ठेवू शकतं, आणि उलट मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्येही कुणी भलत्याच रचनेत फाइल कोंबून ठेवू शकतो. दोन्ही गोष्टी एकाच विशेषणात घातल्या की पुरवठादाराला निसटायला वाट मिळते.

भारत सरकारनंही त्यांची धोरणं वेगळी ठेवली आहेत. खुल्या मानकांचं धोरण नोव्हेंबर २०१० चं, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचं २०१५ चं. पहिल्यात मानक 'खुलं' कधी म्हणायचं याच्या अटीच दिल्यात: वर्णन प्रसिद्ध केलेलं हवं, त्यातल्या पेटंटांवर मानक चालू असेपर्यंत स्वामित्वधन लागता कामा नये, ते सांभाळणारी संस्था नफ्यासाठी नसावी आणि सगळ्या संबंधितांना तिथं बोलता यावं, आणि लागू असेल तिथं भारतीय भाषांची सोय करता यावी. दुसऱ्या धोरणात अट आहे ती मूळ मजकूर अभ्यासता येण्याची, बदलता येण्याची आणि पुढं वाटता येण्याची. निविदेत मुक्तस्रोत पर्यायाचा विचार झाला पाहिजे आणि तो वगळला तर कारण द्यावं लागेल, असंही त्यात आहे. हे धोरण केंद्राचं आहे, म्हणून तुमच्या कार्यालयाला नेमकं काय लागू होतं ते वरिष्ठांना विचारून घ्या.

नुसत्या नावावर जाऊ नका हे पुन्हा सांगतो. 'ऑफिस ओपन एक्सएमएल' ही कार्यालयीन दस्तऐवज फाइलीत साठवायची मायक्रोसॉफ्टची रीत; तिच्या नावातच 'ओपन' आहे. ते आंतरराष्ट्रीय मानक व्हावं म्हणून २००७ मध्ये मतदान झालं तेव्हा भारतानं विरोधात मत दिलं; पुढं २००८ मध्ये ते आयएसओ २९५०० म्हणून संमत झालं. त्याच कामासाठीचं 'ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट' २००६ मध्येच आयएसओ २६३०० झालेलं होतं. नावात दोन्हीकडं ओपन, आणि तरी एवढी भांडाभांडी. म्हणजे शब्द कितीही नेमका निवडला तरी खाली व्याख्या लिहावीच लागते.

आता आमच्या धंद्यातलं. टाइपरायटरच्या कळांवर बेतलेल्या जुन्या फॉन्टात 'मराठवाडा' टंकलं तर फाइलीत खरोखर साठतात ती ई, जे, के, बी, ओ, के, एम, के ही इंग्रजी अक्षरं. देवनागरी नुसती वरची रंगरंगोटी. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल नेली की मराठवाड्याचा पार चुराडा. शोध चालत नाही, अकारविल्हे लावता येत नाही. नांदेडातल्या कितीतरी स्मरणिका, गौरवग्रंथ असे अडकलेत. छापील प्रत वाचता येते म्हणून कुणाला कळतही नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो तक्ता कुणालाही बघता येतो. केंद्रानं २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी साठवणुकीचं मानक म्हणून युनिकोड आणि फॉन्टसाठी 'ओपन फॉन्ट फॉरमॅट' ठरवून दिलं ते याचसाठी. आपला 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरक टिकतो तोही त्या तक्त्यात 'ऱ'ला वेगळी जागा आहे म्हणून. जो फॉन्ट पाळेल त्याला तो दाखवता येईल, परवानगी कुणाची लागत नाही. माझ्यापुरतं 'खुलं मानक' म्हणजे हे.

तेव्हा माझा कौल असा: मानकाला 'खुलं', सॉफ्टवेअरला 'मुक्तस्रोत'. विशेषणं मुद्दाम वेगळी ठेवा. मानक बघायला, पाळायला सगळ्यांना खुलं असतं, पण ते कुणी मनाला येईल तसं बदलायचं नसतं, नाहीतर ते मानकच राहणार नाही. सॉफ्टवेअर मात्र बदलायलाही मोकळीक असते, म्हणून तिथं 'मुक्त' शोभतं. हा फरक इंग्रजीतल्या 'ओपन'ला दाखवता येत नाही.

उत्तर : जालना, कार्यालयीन लिपिक

हे एकदम डोक्यात उतरलं, सर. पण सदस्य विचारतील, मुक्तस्रोत म्हणजे फुकट ना? मग निविदा कामून काढायलात?

उत्तर : परभणी, महाविद्यालयीन ग्रंथपाल

भाऊ, कोहासाठी परवान्याचे पैसे द्यावे लागत नाहीत, पण बसवून द्यायला, जुन्या नोंदी त्यात आणायला, कर्मचाऱ्यांना शिकवायला माणूस लागतो आणि त्याला पैसे द्यावे लागतात. निविदा त्या सेवेची. फरक इतकाच की उद्या त्याचं काम पसंत पडलं नाही तर दुसऱ्याला बोलावता येतं. आणि 'परवाना' हाच शब्द ठेवा. 'अनुज्ञप्ती' लिहिलंत तर दारूचं दुकान आठवतं. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरलाही परवाना असतो आणि लेखकाचा हक्कही कायम असतो, हे सभेत आधीच सांगून टाका.

कुणी जर्मनीतल्या म्युनिकचा दाखला काढला तर गडबडू नका. त्या महापालिकेनं २००३ मध्ये संगणक लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीवर न्यायचं ठरवलं, हजारो संगणक नेलेही, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडं वळायचा ठराव केला. तिकडं यावर अजून वाद आहेत. आपल्याकडं केरळनं शाळांमधले संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेले ते टिकले. दोन्ही उदाहरणं सांगितली तर सभा जास्त विश्वास ठेवते असा माझा अनुभव आहे.

उत्तर : छत्रपती संभाजीनगर, निवृत्त भाषाशिक्षक

'मानक की प्रमाण' राहिलंच. 'प्रमाण' मुळात चांगला शब्द, पण त्याच्या पाठीवर पुरावा, मात्रा, गुणोत्तर आणि वर 'प्रमाणभाषा' एवढं ओझं आहे. 'खुल्या प्रमाणात' असं लिहिलंत तर वाचणारा 'मोठ्या प्रमाणात' असं वाचून पुढं जाईल. 'मानक' हिंदीकडून आल्याची तक्रार मी स्वतः पुष्कळ केली आहे, पण भारतीय मानक ब्युरोमुळं तो रुळलाय. नपुंसकलिंगी चालवा: ते मानक, ती मानके. 'खुले मानके' असं विशेषणाचं लिंग सोडून लिहू नका.

आणि 'स्रोत' असं लिहा, 'स्त्रोत' नव्हे. धातू 'स्रु', वाहणे. त्यात त कुठून येणार? 'स्तोत्र' या शब्दाच्या संगतीनं तो त घुसला असावा.

उत्तर : जालना, कार्यालयीन लिपिक

मसुदा असा केलाय: "कार्यालयातील सर्व दस्तऐवज खुल्या मानकांनुसार जतन करता आले पाहिजेत. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा पर्याय दिला नसल्यास त्याचे कारण लेखी द्यावे. करार संपल्यावर सर्व माहिती खुल्या मानकात कार्यालयाच्या ताब्यात द्यावी." खाली 'खुले मानक' आणि 'मुक्तस्रोत' यांच्या व्याख्या जोडल्यात. सॉफ्टवेअरला 'आज्ञावली' लिहिलं होतं, साहेबांनी खोडलं.

उत्तर : लातूर, डाळमिल

शेवटची अट लई भारी. ती आमच्या करारात घालायला घेऊ का?

उत्तर : नांदेड, अक्षरजुळणी आणि भाषांतर

घ्या की. फक्त 'ताब्यात द्यावी'च्या पुढं किती दिवसांत ते लिहा, आणि ते काम वेगळे पैसे न घेता करायचं हेही लिहा. जालन्याच्या मसुद्यातही ते नाहीये.