‘साइड इफेक्ट नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी ही फाइल वाचा (मेसोथेरपी)

रानजाई, नाशिक
मेसोथेरपी म्हणजे कातडीत किंवा कातडीखाली बारीक सुईने थोडं थोडं औषध टोचणं. त्याबद्दल काल भिंगरीताईंनी इथे फोरमवर लिहिलं: "मेसोथेरपीच्या पाच सिटिंगमध्ये हनुवटीखालची चरबी उतरली, वांग फिकट झाले, आईचं गुडघ्याचं दुखणंसुद्धा त्याच सुईने थांबलं. ऑपरेशन नाही, साइड इफेक्ट नाही, घाबरू नका." त्याखाली चाळीस जणींनी क्लिनिकचा पत्ता मागितलाय. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितेय.

माझ्या धाकट्या जावेने बाळंतपणानंतरचं पोट उतरावं म्हणून हीच इंजेक्शनं घेतली. पार्लरच्या आतल्या खोलीत, पडद्यामागे. तिथल्या बाईंनी पांढऱ्या पेन्सिलीने पोटावर चौकटी आखल्या आणि दर चौकटीत एक टोचा, एका बैठकीला साठ-सत्तर. बाटलीवर लेबल नव्हतं. मी सोबत होते, मी विचारलं. "इम्पोर्टेड कॉकटेल आहे, फॉर्म्युला सांगत नाहीत," असं उत्तर आलं आणि मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला अजून टोचतं.

तीन आठवड्यांनी टोचल्या जागी गाठी आल्या. आधी चण्याएवढ्या, मग करवंदासारख्या जांभळ्या, मग एकेक फुटून वाहायला लागली. दोन वेळा अँटिबायोटिक बदललं. साध्या कल्चरमध्ये काही उगवलं नाही. मग दुसऱ्या लॅबने एएफबी (टीबीच्या कुळातले जंतू) पॉझिटिव्ह असा रिपोर्ट दिला आणि घरात ‘टीबी’ हा शब्द शिरला. सासूबाईंनी तिचं ताट-वाटी वेगळं काढलं. सात महिन्यांचं लेकरू तिच्याजवळ द्यायचं बंद केलं. दीड महिना टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, गाठी होत्या तशाच. शेवटी एका डॉक्टरांनी जंतूची नेमकी जात ओळखायला नमुना पाठवला, तेव्हा कळलं की हा टीबी नव्हेच. मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेसस. टीबीच्याच कुळातला, पण पाण्यात-मातीत राहणारा. त्याची औषधं वेगळी, त्यातलं एक शिरेतून. पाच महिने चाललं. पोटावर एकवीस व्रण आहेत. आकडा पाठ आहे, कारण ड्रेसिंग मीच करायचे.

आता म्हणा, साइड इफेक्ट नाही.

भिंगरी
रानजाई, तुमच्या जावेचं वाचून पोटात गोळा आला. पण तो पार्लरचा गुन्हा आहे, उपचाराचा नाही. मी बोर्ड लावलेल्या क्लिनिकमध्ये जाते. एक रिक्षा उलटली म्हणून कोणी रिक्षात बसायचं सोडतं का?

आणि माझंही ऐका. मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये मी एकाही फोटोत समोर बघत नाही, गालावर एवढे वांग होते. मैत्रिणीने दिलेली ट्यूब दोन वर्षं चोपडली. त्यात स्टेरॉइड आहे हे नंतर कळलं, तोवर चेहरा लाल होऊन आग आग व्हायचा. या सुयांनी मला चारचौघांत जाण्याइतकं तोंड परत मिळालं. ते खोटं आहे असं मला कोणी सांगू नये.

त्वचावैद्य
२२ वर्षं त्वचारोगात प्रॅक्टिस करतोय. भिंगरीताईंनी तीन वेगळी कामं एका नावाखाली आणलीत, सगळा घोळ तिथून सुरू होतो. मेसोथेरपी हे औषधाचं नाव नाही, टोचण्याची रीत आहे. आत काय भरलंय त्यावर सगळं ठरतं.

चरबीसाठी भरतात ते बहुतेक डिऑक्सिकोलेट. पित्तातला पदार्थ, साबणासारखा चरबीच्या पेशीचं आवरण फोडतो. अमेरिकेत २०१५ साली त्याला मान्यता मिळाली ती फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी. पोटासाठी नाही, मांड्यांसाठी नाही. हनुवटीतसुद्धा सूज आणि बधिरपणा आठवडे टिकतो, आणि सुई चुकली तर जबड्याच्या कडेची नस दुखावून हसताना ओठ वाकडा होतो. ज्यांनी हे तुम्हाला आधी सांगितलं नाही त्यांनी संमती घेतली असं मी मानत नाही.

वांगासाठी ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड टोचतात. काही जणींना फरक पडतो, मीही वापरतो. पण उन्हात सनस्क्रीनशिवाय फिरलात की वांग परत येतात, हे ताईंच्या पोस्टमध्ये कुठेच नाही. केसांसाठी ड्युटास्टेराइड टोचतात, त्याची कथा वेगळीच.

जावेला झालं ते नवं नाही. २००५ च्या सुरुवातीला वॉशिंग्टन परिसरात एकाच विनापरवाना माणसाकडून मेसोथेरपी घेतलेल्या १४ जणांच्या त्वचेवर असेच प्रकार झाले होते. आपल्याकडे दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बेंबीजवळची जखम महिनोन् महिने वाहते, त्यामागेही बरेचदा हेच जंतू असतात. नळाच्या पाण्यात धुतलेली उपकरणं पुरेशी असतात. आणि जोवर बीएचएमएस (होमिओपॅथीवाले), बीडीएस (दातांचे डॉक्टर), ब्यूटिशियन सगळे चार दिवसांचा कोर्स करून ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावतायत, तोवर हे थांबणार नाही.

सातारकर डॉक्टर
शेवटच्या वाक्यात बीएचएमएसला ब्यूटिशियनच्या रांगेत बसवलंत, त्याचं उत्तर देतो. मी बीएचएमएस आहे. सीसीएमपी, म्हणजे आम्हा होमिओपॅथीवाल्यांसाठीचा अ‍ॅलोपॅथी औषधांचा कोर्स, रीतसर एक वर्ष केलंय, परीक्षा देऊन. २०१४ साली विधिमंडळाने कायदा बदलून आम्हाला ठरावीक मर्यादेत अ‍ॅलोपॅथीची औषधं द्यायची परवानगी दिली. सीसीएमपी केलेल्यांची मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी करायचा विषय निघाल्यावर १८ सप्टेंबर २०२५ ला तुम्ही लोकांनी संप केलात. त्या दिवशी माझा दवाखाना रात्री अकरापर्यंत उघडा होता. विंचवाचा पेशंट होता, त्याला कोणाची डिग्री बघायची नव्हती.

त्वचावैद्य
विंचवाचा पेशंट बघितलात, त्याबद्दल आदर आहे. पण विंचू आणि डबल चिन यांत फरक आहे. खेड्यात डॉक्टर नाही म्हणून मिळालेली परवानगी शहरातल्या मॉलशेजारी हेअर मेसोसाठी वापरली जाते, माझी तक्रार एवढीच आहे.

सातारकर डॉक्टर
आणि एमडी स्किन झाल्यावर कोरेगावला येऊन बसणारे किती? खरूज, गजकर्ण, कुष्ठाचा चट्टा आम्ही ओळखून पाठवायचा, आणि तुम्ही लेझर घेऊन पुण्यात.

पेठकर
पेशंट म्हणून बोलतो. एमडीकडे दीड महिन्याने अपॉइंटमेंट मिळाली, आठशे रुपये फी, चार मिनिटं. त्यांनी चेहरा बघितला, हात लावला नाही. मग माणूस कोपऱ्यावरच्या पाटीकडे वळतो यात नवल काय? आधी बोलायला शिका, मग बाकीच्यांना नावं ठेवा.

सुश्रुतप्रेमी
मेसोथेरपी फ्रेंचांची असली तरी सुईने वेदना शमवणं त्यांनी शोधलं असं समजू नये. शिरावेध, म्हणजे शीर टोचून रक्त काढणं, सुश्रुतसंहितेत आहे. विद्धकर्म आजही होतं, त्यात सुईतून औषध सोडावंच लागत नाही. माझी मान दोन बैठकांत मोकळी झाली.

पेठकर
तुमची मान मोकळी झाली, आनंद आहे. धागा अडकलाय तो सोडवा.

त्वचावैद्य
चार मिनिटांबद्दल पेठकरांचं बरोबर आहे. ओपीडीत नव्वद पेशंट असतात हे कारण आहे, पण तुमच्यासाठी ते उत्तर होऊ शकत नाही. मान्य.

सातारकर, एक सरळ प्रश्न. उद्या तुमच्याकडे रानजाईंच्या जावेसारखी गाठ आली तर काय कराल?

सातारकर डॉक्टर
टोचून घेतलं होतं का, हे विचारेन. हो म्हणाली तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला पाठवेन. मी कोणालाही सौंदर्यासाठी टोचत नाही, आयुष्यात टोचलेलं नाही. माझ्या पदवीचे जे टोचतात त्यांची बाजू मी इथे घेणार नाही. पण तुम्ही सगळ्यांना एका वाक्यात बसवलंत, ते मागे घ्या.

त्वचावैद्य
सगळे नाहीत. एवढं मागे घेतो. पाटीबद्दलचं नाही घेत.

टाचदुखी
चरबी आणि वांगाच्या भांडणात दुखणाऱ्या माणसाचं कोण बोलणार? एसटीत २६ वर्षं कंडक्टर होतो. उभं राहून टाच आणि कंबर दोन्ही गेली. पेनकिलर खाऊन ड्युटी केली, रोज दोन. मग पाय सुजले, क्रिएटिनिन वाढलं, किडनीच्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या बंद केल्या. दुखणं काही बंद झालं नाही. पेन क्लिनिकच्या मॅडमनी कंबरेला कातडीत बारीक बारीक टोचलं, मुंगी चावल्यासारखं, कातडीवर मसुरीएवढे फुगे यायचे. कोणत्या औषधाचं किती, ते कागदावर लिहून दिलं, किडनीचं बघून. तीन बैठकांनी मी मांडी घालून जेवायला बसलो. टाचेला मात्र काहीच फरक नाही, मॅडमनी स्वतःच थांबवलं, म्हणाल्या पैसे घालवू नका. रानजाईताई, तुमच्यावर प्रसंग वाईट आला. पण ‘मेसोथेरपी बंद करा’ असं कोणी म्हणालं तर माझी कंबर कोण धरणार?

लिऑनकर
टाचदुखीकाकांनी सांगितलं तोच मूळ उपचार आहे. मिशेल पिस्तोर या फ्रेंच गावडॉक्टराने १९५२ साली दम्याच्या पेशंटला शिरेतून प्रोकेन हे बधिर करणारं औषध दिलं. दमा फारसा हलला नाही, पण बरीच वर्षं बहिरा असलेल्या त्या माणसाला चर्चची घंटा ऐकू आली. मग पिस्तोर कानाभोवती कातडीत थोडं थोडं टोचू लागला. बहिरेपण टिकाऊ बरं झालं नाही, पण आसपासची दुखणी कमी झाल्याचं पेशंट सांगू लागले. नाव १९५८ मध्ये पडलं, तिथल्या वैद्यक अकादमीने १९८७ मध्ये दखल घेतली. त्याचा नियमच असा की थोडं, क्वचित आणि नेमक्या जागी. पोटावर सत्तर टोचे हे त्या नियमाच्या बरोबर उलट आहे.

मला इथे फ्रान्समध्ये, लिऑनला, डॉक्टरांनी कंबरेसाठी टोचलं. चार मिलिमीटरची सुई, लिडोकेन आणि एक सूज उतरवणारं औषध. "तीन वेळा करू, फरक नसेल तर सोडून देऊ," असं पहिल्याच दिवशी सांगितलं. अ‍ॅम्प्यूल माझ्यासमोर फोडली.

त्वचावैद्य
कंबरदुखीवर इटलीतही छोटे अभ्यास झालेत, कमी औषधात आराम मिळतो असं सांगणारे. छोटे आहेत आणि सुईच्या टोचण्याचाच परिणाम किती हे वेगळं काढणं कठीण. तरी काकांसारख्या पेशंटला, ज्याला गोळी चालत नाही, मी स्वतः पेन क्लिनिकला पाठवेन.

रानजाई
टाचदुखीकाका, मी ‘बंद करा’ असं लिहिलं नव्हतं, पण मनात तेच होतं, खोटं कशाला बोलू. तुमची कंबर मी वजा करते. मॅडमनी कागदावर लिहून दिलं आणि फरक नाही म्हटल्यावर थांबवलं, हे मला आवडलं.

चेहऱ्याचं आणि पोटाचं मात्र एक अक्षर मागे घेत नाही. भिंगरीताई, तुम्हाला पाच वेळा काय टोचलं त्याचं नाव सांगा. फक्त नाव.

भिंगरी
मला नाव माहीत नाही. ग्लो कॉकटेल म्हणतात, एवढंच. पण क्लिनिक स्वच्छ आहे, सिस्टर हातमोजे घालते.

रानजाई
हातमोजे आमच्या त्या बाईनेही घातले होते.

भिंगरी (दोन दिवसांनी)
आज सहाव्या सिटिंगला गेले. बाटली मागितली. रिसेप्शनवरची मुलगी हसली, मग आत फोन केला, मग "डॉक्टर राउंडवर आहेत". मी उठले नाही. पाऊण तासाने सिस्टरने बाटली हातात दिली. बोटाच्या पेराएवढी, निळ्या झाकणाची, परदेशी अक्षरं, खाली बारीक इंग्रजी. चष्मा घरी राहिला होता, म्हणून फोनने फोटो काढून मोठा करून वाचला. ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ असं लिहिलं होतं. हे मला पाच वेळा गालात टोचलंय.

सिस्टरला दाखवलं. ती म्हणाली, "मॅडम, सगळीकडे हेच वापरतात." तिला खरंच माहीत नव्हतं, तिचा चेहरा उतरला होता.

सहाव्या सिटिंगचे पैसे परत मागितलेत, अजून दिले नाहीत. वांग फिकट झालेत हे मी अजूनही म्हणणार, ते माझ्या तोंडावर आहे. त्वचावैद्य, आता पुढे काय बघायचं ते सांगा, मला भीती वाटतेय.

त्वचावैद्य
शेवटचं टोचून किती दिवस झाले? पुढचे तीन-चार महिने रोज उजेडात गालावरून बोट फिरवा. कडक गाठ, लाली, पू, काहीही लागलं तर फोडू नका, घरचं अँटिबायोटिक सुरू करू नका. जिथे जाल तिथे पहिलं वाक्य हेच सांगा की इथे सुई टोचली होती. टीबीच्या गोळ्या सुरू करण्याआधी जंतूची जात ओळखायला सांगा. बाटलीचा फोटो जपून ठेवा.

भिंगरी
तेवीस दिवस झालेत.

रानजाई
ताई, मी इथेच आहे, काहीही वाटलं तर रात्रीसुद्धा लिहा. आणि बाटलीचा तो फोटो तुमच्या पहिल्या पोस्टखाली टाका, जिथे चाळीस जणींनी पत्ता मागितलाय. आज सकाळी आणखी तिघींनी मागितलाय.