महालातली बीएसए एम२० घेऊ का? तीस वर्षं जिन्याखाली पडून आहे

संत्रा_किक:
नमस्कार मंडळी. नागपुरात महाल भागात ओळखीतल्या एका आजींच्या वाड्यात जिन्याखाली बीएसए एम२०, म्हणजे जुनी ब्रिटिश मोटरसायकल, पडून आहे. आजोबा गेले तेव्हापासून म्हणजे तीसेक वर्षं कोणी हातच नाही लावला, वर पोती, फाटक्या सतरंज्या, हेडलाइटच्या मागं चिमणीचं घरटं. आता वाडा बिल्डरकडे चालला म्हणून आजी गाडी काढून राहिल्या, एक लाख चाळीस म्हणतात. त्याआधी एक भंगारवाला येऊन किलोचा भाव सांगून गेला तर त्याला त्यांनी अक्षरशः हाकलला.
मी आजवर फक्त बुलेट उघडली आहे, तीही अर्धी, बाकीची मिस्त्रीनं जोडली. किक दगडासारखी, टायर संपले, टाकी आतून गंजली. मॅग्डायनो (ठिणगीचा मॅग्नेटो आणि डायनॅमो एकत्र) जागेवर आहे आणि पुढचा गर्डर फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा जुन्या पद्धतीचा सांगाडा, सरळ दिसतो. कागद म्हणजे एक जुनं पुस्तक, आजींच्या सासऱ्यांच्या नावाचं, आणि त्यावर शिक्का चक्क मध्यप्रदेश शासनाचा! म्हणजे गाडी भोपाळकडची आहे का? वरून इंजिन नंबर वेगळा, फ्रेम नंबर वेगळा. मित्र म्हणतो इंजिन बदललेलं आहे, सोड. काय करू?

जुनं_लोखंड:
भाऊ, गाडी नागपूरचीच आहे. १९५० ते १९५६ मध्य प्रदेशची राजधानी नागपूरच होती, १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो आणि महाराष्ट्र तर १९६० चा. म्हणजे ते पुस्तक १९५६ च्या आधीचं, जपून ठेवा, आणि लॅमिनेट करू नका म्हणजे झालं.
नंबरचं म्हणाल तर मित्राला सांगा की बीएसएनं त्या काळात इंजिनला आणि फ्रेमला वेगवेगळेच नंबर मारले. दुसऱ्या महायुद्धातल्या एम२० ला दोन्हीकडे डब्ल्यूएम२० असं असतं, पुढचे आकडे कारखान्यातूनच जुळत नाहीत. लढाईत सव्वा लाखाच्या वर एम२० बनल्या, आपल्याकडच्या बऱ्याचशा मिलिटरी डिस्पोजलमधूनच, म्हणजे लष्करानं विकून टाकलेल्या मालातूनच, बाहेर आल्या. तुम्ही बघायचं एवढंच की पुस्तकात लिहिलेले नंबर आणि गाडीवरचे नंबर एक आहेत का. रॉकेल लावून कपड्यानं पुसा, ग्राइंडर तर लांबच ठेवा, मग कागद ठेवून पेन्सिलचा छाप घ्या. आकडे वेडेवाकडे किंवा आजूबाजूचं लोखंड घासलेलं दिसलं तर एक रुपया देऊ नका.
आणि मालक सासरे, ते गेलेले, मुलगाही गेलेला, म्हणजे आधी आरटीओच्या फॉर्म ३१ नं गाडी वारसांच्या नावावर, मग तुमच्या. आजोबांना बहीणभाऊ किती होते ते विचारलं का? वाडा विकून राहिले म्हणजे सगळे वारस तसेही सह्या करायला गोळा होणारच, त्यातच गाडीच्या पण उरकून घ्या, नंतर पुण्या-मुंबईतला एखादा पुतण्या शोधत बसाल.

धूमकेतू:
काहून एवढा विचार करतो बे, घेऊन टाक. १२ व्होल्ट कर, पुढं डिस्क टाक, मस्त मॅट ब्लॅक मार, संध्याकाळी फुटाळ्यावर लावली की सगळे पाहतीन.

जुनं_लोखंड:
डिस्क? गर्डर फोर्कवर? धूमकेतू, तुला दुरूनच नमस्कार.
संत्रा, जुनं रजिस्ट्रेशन ट्रान्सफर नाही झालं तर २०२१ च्या नियमातून व्हिंटेजमध्ये नोंदवता येते, पन्नास वर्षांच्या वरची आणि मूळ रूपातली गाडी पाहिजे. २०,००० रुपये फी, दहा वर्षं चालतं, नंबरात व्हीए येतं. डिस्क-बिस्क लावली की तो रस्ता बंद. पण व्हीए नंबरावर रोज ऑफिसला नाही जाता येत, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. म्हणून आधी जुन्या पुस्तकाच्या मागं लागा.

पाव_व्हिटवर्थ:
कागदाचं सांगून झालं, मी इंजिनचं सांगतो, हिंगण्याला लेथवर जन्म गेला माझा.
पहिली गोष्ट किकवर उड्या मारू नका. प्लग काढा, डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) अर्धं अर्धं करून आत सोडा, आठ दिवस विसरून जा. एम२० साइड व्हॉल्व्ह आहे, ४९६ सीसी, हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीतच, हेड म्हणजे नुसतं झाकण. बोल्ट काढले की पिस्टन आणि दोन्ही व्हॉल्व्ह समोर दिसतात. पडून राहिलेल्या गाडीत पुष्कळदा पिस्टन बरा असतो, व्हॉल्व्हच गाइडमध्ये गंजून अडकलेला असतो, आणि लोक जोर लावून काहीतरी वाकवून ठेवतात. स्टँडर्ड बोअर ८२ मिलिमीटर, मोजून बघा आधी किती वेळा रीबोर झालं, म्हणजे सिलिंडर कापून मोठा केला ते. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून पाहा, तिथं खटखट आली तर बिग एंड (रॉडचं खालचं बेअरिंग) गेला, मग एक लाख चाळीस जास्त आहे.
दुसरं म्हणजे पाने. तुमचा बुलेटचा १३ नंबर जाणार नाही आणि १४ ढिला बसून नटाचे कोपरे खाईल, कारण या गाडीला व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे पाने लागतात, आणि पाव इंची व्हिटवर्थ पाना तोंडाला सव्वातेरा मिलिमीटरच्या किंचित वर असतो. त्यावर जो आकडा असतो तो बोल्टचा, नटाचा नाही, नवीन माणूस इथंच फसतो.
मॅग्नेटो अंधारात तपासा, पण थंड ठिणगीवर खूश नका होऊ. आत जुनं शेलॅक आणि कंडेन्सर असतो, गरम झाला की मरतो. गाडी सकाळी एका किकमध्ये सुरू होईल आणि आपल्या मे महिन्यात वर्धा रोडवर दहा मिनिटांत बंद पडेल, गार होईपर्यंत तुम्ही झाड शोधत बसाल. आधीच रिवाइंड करून, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून घ्या.
आणि आता पंपावर इथेनॉलवालं पेट्रोल, ते पाणी ओढतं, टाकी आणखी गंजते, नळातला जुना बुचाचा वॉशर टिकत नाही. महिनाभर चालवायची नसेल तर टाकी रिकामी. ऑइलचंही तसंच, ऑइलची टाकी वेगळी असते, गाडी उभी राहिली की पंपातून ऑइल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. खालचा प्लग काढून आधी ते काढा, नाहीतर पहिल्याच किकला अख्खा महाल धुरात.
रंगाला हात लावू नका. आधी सुरू करा, शंभर किलोमीटर फिरवा, मग ठरवा.

संत्रा_किक:
आज जाऊन आलो. पुस्तकातले दोन्ही नंबर तंतोतंत जुळले! आजींनी रॉकेल स्वतः आणून दिलं आणि वर कपडा माझाच वापरायला लावला. वारस पाच आहेत, एक आत्या अमरावतीला, पुढच्या महिन्यात वाड्याच्या सह्यांना सगळे येतात, तेव्हाच गाडीचंही करू असं ठरलं. वीस हजार विसार दिला. प्लग काढून डिझेल-एटीएफ सोडून आलो आहे. व्हिटवर्थ पान्यांचा सेट नागपुरात कुठं मिळेल?

पाव_व्हिटवर्थ:
विकत घेऊ नका सध्या, माझा न्या. रविवारी सकाळी या. वहीत नाव लिहून नेणार, तीन-अष्टमांश वाला मागं एकानं नेला तो अजून आला नाही, हे वाचत असशील तर तुलाच म्हणून राहिलो.

धूमकेतू:
काका आणतो न रविवारी.