टाउनशिपच्या फॉर्मवर नाव काय लिहायचं?

सचिव:
मंडळी नमस्कार. टाउनशिपच्या, म्हणजे आपल्या गावच्या नगरपालिकेच्या, ऑफिसातून फोन आला होता. आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला लायब्ररीसमोरचं लॉन दिवाळीआधीच्या शनिवारी द्यायला ते तयार आहेत, पण तिथल्या बाई म्हणाल्या की जागा पब्लिकची आहे, तर 'दिवाळी'ऐवजी 'फॉल लाइट्स नाइट' असं काहीतरी नाव दिलंत तर सगळ्यांनाच यायला मोकळं वाटेल. सक्ती नाहीये, गोड बोलत होत्या. फॉर्म गुरुवारपर्यंत द्यायचाय. मतं कळवा, थोडक्यात प्लीज.

दोन मुलींचा बाबा:
माझं मत, देऊन टाका. शाळेत 'विंटर ब्रेक'च म्हणतात, कुणाचं काय बिघडलं? माझ्या मोठीच्या वर्गात एक ज्यू मैत्रीण आहे, एक इजिप्तची आहे, 'लाइट्स' म्हटलं की दोघी आईवडिलांना घेऊन येतील, 'दिवाळी' म्हटलं की आधी घरी विचारणार की आपण जायचं का. आणि सरकारी जागा कुणा एका धर्माची नसावी हे तिकडे आपणच म्हणतो ना, मग इथे आपली वेळ आली की का बदलायचं?

लायब्ररीवाले काका:
थोडक्यात लिहिणं मला जमत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, चहा घेऊन बसा.

मेरीलँडमध्ये मॉन्टगोमेरी काउंटी आहे, तिथले मुस्लिम पालक कितीतरी वर्षं मागे लागले होते की शाळेच्या कॅलेंडरवर ज्यूंचा योम किप्पुर छापता तशी शेजारी ईदपण छापा. २०१४ मध्ये शाळा बोर्डाने काय करावं, तर ७ विरुद्ध १ मतांनी ख्रिसमस, ईस्टर, रोश हशाना (ज्यूंचं नवीन वर्ष), योम किप्पुर, सगळ्यांचीच नावं पुसून टाकली. सुट्ट्या होत्या तिथेच राहिल्या. म्हणजे मागितलं होतं पंगतीत एक पान, तर यजमानाने पानांवरची नावं काढली आणि जेवण मात्र आधी ज्यांना मिळत होतं त्यांनाच वाढलं. आपल्या न्यू जर्सीतच रँडॉल्फ गावात जून २०२१ मध्ये ऑक्टोबरच्या सुट्टीला कोलंबस डे म्हणायचं की इंडिजिनस पीपल्स डे (मूळ रहिवाशांचा दिवस) यावरून पेटलं, तर बोर्डाने वैतागून सगळ्याच सुट्ट्यांपुढे नुसतं 'डे ऑफ' लिहायचा ठराव केला, लोक असे खवळले की त्याच महिन्यात ठराव मागे घ्यावा लागला.

बाबा, तुझा 'विंटर ब्रेक' घे. २५ डिसेंबर फेडरल कायद्यात ख्रिसमस डे म्हणूनच आहे, १८७० पासून सुट्टी आहे. मोठ्या सणाचं नाव काढलं तरी तो दिसतोच रे, मॉलमध्ये, रेडिओवर, शेजाऱ्याच्या छपरावर. आपल्याचं नाव काढलं की उरतं काय? पणत्या. त्याही बॅटरीच्या, कारण फायर मार्शल.

आता खरी मजा उरुग्वेची. त्यांनी १९१९ मध्ये कायदाच केला, चर्च आणि सरकार वेगळं केलं त्याच सुमाराला. ख्रिसमसचा झाला 'कुटुंब दिन', ६ जानेवारीच्या एपिफनीचा 'बालदिन', ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा म्हणजे 'पर्यटन सप्ताह', आणि ८ डिसेंबर, जो मेरीचा सण, तो चक्क 'समुद्रकिनारा दिन' (तिकडे तेव्हा उन्हाळा असतो म्हणून). शंभर वर्षांवर होऊन गेली. पर्यटन सप्ताह हे नाव लोकांच्या तोंडी पक्कं बसलंय, कारण त्या आठवड्यात अर्धा देश खरंच सामान बांधून फिरायला निघतो. पण ख्रिसमसला आजही लोक 'नाविदाद'च (स्पॅनिशमध्ये ख्रिसमस) म्हणतात, कागदावर काही का असेना. लोक ज्या दिवशी जे करतात ते नाव टिकतं. मग मला सांगा, आपल्या लॉनवर कोण 'फॉल' साजरा करणार आहे?

आणि नाव पुसलं गेलं की सण अनाथ होतो. न्यू यॉर्कच्या शाळांना जूनमध्ये ब्रुकलिन-क्वीन्स डे, म्हणजे ॲनिव्हर्सरी डे असतो, कसली ॲनिव्हर्सरी विचारलं तर दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही. मुळात तो प्रोटेस्टंट संडे स्कूलवाल्यांच्या (चर्चच्या रविवारच्या शाळा) मिरवणुकीचा दिवस. २०२२ मध्ये दिवाळीला सुट्टी द्यायला जागा शोधायची वेळ आली तेव्हा पहिलं बोट त्याच्याकडेच गेलं.

नाटकवाली वहिनी:
काका, चहा दोनदा झाला. मला फक्त एक आठवलं ते सांगते. आम्ही आधी जिथे राहायचो तिथल्या मंडळात संक्रांतीचं हळदीकुंकू असायचं. एका मावशींचे यजमान गेले आणि त्या यायच्या बंद झाल्या. मग आम्ही शहाण्यांनी नाव बदललं, 'तिळगूळ समारंभ', पत्रिका वगैरे नवीन. त्या आल्या. आणि दारात कुंकवाची कुयरी घेऊन उभी असलेली मुलगी त्यांना ओलांडून मागच्या बाईकडे गेली, सवयीने. मी बघत होते, मला अजून तो हात दिसतो. पुढच्या वर्षी कुयरी टेबलावर ठेवली, ज्याला हवं त्याने लावावं, आणि वाण सगळ्यांना सारखं. तेव्हापासून मावशी दरवर्षी. लोक तोंडाने अजून हळदीकुंकूच म्हणतात.

तर माझं म्हणणं, फॉर्मवर दिवाळी लिहा. पण लक्ष्मीपूजन लॉनवर नको, ते हॉलमध्ये किंवा घरी. लॉनवर किल्ला, आकाशकंदील, लेझीम, फराळ. आणि त्या इजिप्तच्या आईला मी स्वतः जाऊन बोलावते, तिला चकली येते का शिकायला ते पण विचारते. 'फेस्टिव्हल ऑफ लाइट्स' तर अजिबात नको, ज्यूंच्या हनुकालाही तेच म्हणतात, उगाच दोन घरांत भांडण.

दोन मुलींचा बाबा:
वहिनी, पूजा लॉनवर नाही हे असेल तर माझा अर्धा आक्षेप संपला. अर्धा आहे अजून. काका, नावाचं ओझं मोठ्यांना नसतं, मुलांना असतं, लंच टेबलवर 'व्हॉट्स दॅट' ला उत्तर माझ्या मुलीला द्यावं लागतं, आपल्याला नाही. मी मत फॉल लाइट्सलाच देणार. किल्ल्याची माती मात्र मी आणतो, गेल्या वर्षीची नुसती वाळू होती, शिवाजी महाराज दोनदा पडले.

लायब्ररीवाले काका:
उत्तर देताना तिला 'दिवाळी' हा एक शब्द पुरतो. 'फॉल लाइट्स' म्हटलं तर पुढे परिच्छेद लागतो. बाकी माती आणच.

सचिव:
आलेली मतं: दिवाळी ११, फॉल लाइट्स ४, आणि एकाने फक्त 'शंकरपाळे कोण करणार' एवढंच लिहिलंय, ते मोजलं नाही. फॉर्म दिला. बाई म्हणाल्या ठीक आहे, पण स्पेलिंग नक्की कोणतं, कारण तेलुगू ग्रुपने त्यांच्या फॉर्मवर 'दीपावली' लिहिलंय, तर तुमचे दोन वेगळे सण आहेत का? यावर नवीन थ्रेड काढू नये ही नम्र विनंती.