‘शांतता! कोर्ट चालू आहे’ सांगलीतल्या हौशी संस्थेने करावे का?

कृष्णाकाठ :
आपल्या सांगलीतल्या एका छोट्या हौशी नाट्यसंस्थेने यंदा विजय तेंडुलकरांचे हे नाटक बसवायला घेतले आहे. नाटकाच्या थोरवीविषयी दुमत नाही. १९६७ साली ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने ते रंगभूमीवर आणले आणि सुलभा देशपांडे यांची लीला बेणारे आजही आदराने आठवली जाते. माझा आक्षेप वेगळा आहे. वेळ घालवण्यासाठी मांडलेल्या लुटुपुटीच्या खटल्यात बेणारे या अविवाहित, गरोदर शिक्षिकेला तिच्याच नाटकमंडळीतले सहकारी आरोपी करतात, एकेका साक्षीत तिचे खासगी आयुष्य उघडे पाडतात आणि अखेर तिचा गर्भ नष्ट करण्याची शिक्षा सुनावतात. ही भूमिका करणारी मुलगी प्रत्यक्षातही शिक्षिका आहे आणि गावात तिला सगळे ओळखतात. प्रयोगानंतर लोक भूमिका आणि माणूस यांत फरक करतील, याची हमी कोण देणार? तिच्या मनावर ताण आला, तर तो ओळखणारे जाणते माणूसही संस्थेत नाही. म्हणून हे नाटक संस्थेने तूर्त बाजूला ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हरिपूरकर :
मला हे अजिबात पटत नाही. मुळात हे नाटकच एका हौशी संस्थेविषयी आहे. वकिली न चाललेला सुखात्मे, इंटर नापास झालेला पोंक्षे, खटल्यात न्यायाधीश झालेल्या काशीकरांच्या आश्रयाने वाढलेला रोकडे ही माणसे आपल्या पराभवाचा सूड एका हसतमुख बाईवर उगवतात, आणि अशी माणसे आपल्या ओळखीची असतात म्हणूनच नाटक अंगावर येते. नामवंत नटांच्या संचात जी ओळख अभिनयाने निर्माण करावी लागते, ती इथे प्रेक्षागृहात आधीच हजर असेल. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ हे नाटक केले, त्याचा अभिमान आपण दर ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, मिरवतो. पण इथून जवळच्या हरिपूरच्या नाटककार गो. ब. देवलांनी १८९९ साली ‘शारदा’ लिहून म्हाताऱ्या नवरदेवाला मुलगी देणाऱ्यांना जाब विचारला, तो वारसाही आपलाच आहे. गाव काय म्हणेल या भीतीने बेणारेची भूमिका टाळली, तर काशीकरांच्या कोर्टाचाच निकाल आपण मान्य केल्यासारखे होईल.

विंगेतली :
मी या तालमींना बसते, म्हणून लिहिते. सुरुवातीला सगळ्यांना खेळाची मजा वाटत असते. पुढे बेणारे दाराकडे धावते, पण कडी बाहेरून लागलेली असते. गेल्या आठवड्यात हा प्रसंग संपल्यावर बाकीचे नट चहा घेत गप्पा मारू लागले आणि बेणारे करणारी मुलगी बराच वेळ दाराजवळ पाठ टेकून उभी राहिली. त्यामुळे कृष्णाकाठ यांची काळजी खरी आहे; उपाय मात्र मला मान्य नाही. तिसरा अंक रोज घेऊ नये, तालीम संपल्यावर सगळ्यांनी एकत्र बसून बोलावे, आणि थांबायचे कधी हे तिने ठरवावे. शेवटच्या स्वगताच्या वेळी इतर पात्रे निश्चल असतात. त्या नटांना तेव्हा संवाद नाहीत, म्हणून आपल्याला काम नाही असे त्यांनी समजू नये. मुख्य म्हणजे, ही भूमिका तिने स्वतः मागून घेतली आहे. तिच्या वतीने नकार देण्यापूर्वी तिला कोणी विचारले आहे का?

मिरजेचा प्रेक्षक :
एक मुद्दा राहून गेला. बेणारेवरचा आरोप भ्रूणहत्येचा आहे. आपल्या जिल्ह्यात २०१७ साली म्हैसाळ गावात स्त्रीभ्रूणांच्या बेकायदा गर्भपातांचे प्रकरण उघडकीस आले, त्यामुळे इथला प्रेक्षक हा आरोप ऐकताच स्त्रीभ्रूणांचाच विचार करील. नाटक लिहिले गेले तेव्हा आईचा जीव वाचवण्याखेरीज गर्भपात हा गुन्हा होता. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१चा. ज्या कोर्टात तिच्यावर हा आरोप ठेवला जातो, तेच कोर्ट शिक्षा म्हणून गर्भ नष्ट करायला सांगते, यातली भीषणता तरुण प्रेक्षकांपर्यंत पोहोचायची असेल, तर प्रयोगाच्या माहितीपत्रकात याविषयी चार ओळी छापाव्यात.

कृष्णाकाठ :
पत्रकाची सूचना योग्य आहे. तिने भूमिका मागून घेतली हे मला ठाऊक नव्हते आणि त्याचे वजन मी मानतो. तरीही उद्या तिच्या शाळेत एखाद्या पालकाने तक्रार केली, तर संस्था तिच्या पाठीशी लेखी उभी राहणार आहे का? हे उत्तर कार्यकारिणीने पहिल्या प्रयोगाआधी द्यावे. तोवर माझा विरोध कायम आहे.