ट्रिपल-एमधला हिटर वर जायला तयार झाला, हे कशावरून ओळखायचं?

ड्युरॅमकर
ऑफिसातला बेसबॉलचा वाद इथे आणतोय: ट्रिपल-ए म्हणजे अमेरिकेतल्या मेजर लीगच्या लगेच खालची पायरी, तिथला हिटर (फलंदाज) वर मेजर लीगमध्ये कधी घ्यावा? जॅक्सन हॉलिडे आठवतोय ना? २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, पहिला नंबर. २०२३ च्या एका मोसमात चार पायऱ्या चढला, सरासरी (वॉक सोडून दर खेपेमागे हिट) ०.३२३, वॉक (चार बॉल बाहेर पडले की फुकट मिळणारा बेस) १०१. एप्रिल २०२४ मध्ये बॉल्टिमोरने वर घेतला तेव्हा पोरगा वीस वर्षांचा, आणि ट्रिपल-एतल्या मॅच तीससुद्धा भरल्या नव्हत्या. पहिल्या दहा मॅचमध्ये ३४ पैकी २ हिट, १८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद). परत नॉरफोकला, म्हणजे ट्रिपल-एत, रवानगी.

माझं म्हणणं, सरासरी बघू नका, रविवार बघा. २०२१ पासून ट्रिपल-एत साधारणपणे मंगळवार ते रविवार एकाच संघाशी सहा मॅच असतात. मंगळवारी ज्याला फोडला तो पिचर (गोलंदाज) रविवारी पुन्हा समोर येऊ शकतो, बुलपेनमधले (मधेच येणारे बदली पिचर) तर येतातच. मागे इथल्या मैदानावर होम प्लेटच्या मागे बसलो होतो. पाहुण्या संघातला एक पोरगा, नाव जाऊ दे. मंगळवारी आतल्या फास्टबॉलवर दोनदा कुंपण गाठलं. रविवारी आत एक बॉल मिळेल तर शपथ! सगळे स्लायडर (शेवटी वळणारे बॉल), बाहेर, गुडघ्याखाली. पहिल्या दोन खेपांना हवेत बॅट. तिसऱ्या खेपेला खांदा हलला, पण मनगटं थांबली. पुढच्या बॉलला पुन्हा तेच. वॉक घेऊन गेला. त्या दिवशी नावावर हिट शून्य, पण माझ्या लेखी तो तयार होता.

ट्रिपल-एत निदान ३०० वेळा तरी बॅट हातात घेऊ द्या, मग बोला.

मिलवॉकीची_मावशी
३०० हा आकडा कुठून काढलास रे? आमच्या ब्रुअर्सच्या चूरिओच्या ट्रिपल-एत सहा मॅच. सहाच! २०२४ ला थेट पहिल्या दिवसापासून संघात. जून उजाडेपर्यंत चाचपडत होता, आमचे हे रोज टीव्हीसमोर "पाठवा याला खाली" म्हणून ओरडायचे. ब्रुअर्सनी ठेवला. मोसमाअखेर ०.२७५, २१ होमरन (षटकारच म्हणा), २२ स्टील (चोरलेले बेस). आणि वॉन सोटो? २०१८ मध्ये डबल-एत, म्हणजे ट्रिपल-एच्या खालच्या पायरीवर, आठ मॅच, ट्रिपल-ए पाहिलंच नाही, एकोणिसाव्या वर्षी वर येऊन २२ होमरन. पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येतं का?

बुलपेनवाला
ड्युरॅमकर, तुमच्या रविवारात एक भोक आहे. ट्रिपल-एतला पिचर हिटरला बाद करायलाच आलेला असतो असं नाही. वरच्या कोचने सांगितलेलं असतं, नवा चेंजअप (फसवा हळू बॉल) टाकून बघ, रोज इतके टाक. मार बसला तरी चालेल. तुमच्या त्या पोराला स्लायडर मिळाले ते त्याचं बिंग फुटलं म्हणून, की पिचरचा गृहपाठ चालू होता म्हणून? स्टँडमधून कळत नाही.

शिवाय वॉक. २०२३ मध्ये ट्रिपल-एत मंगळवार ते गुरुवार स्ट्राइक की बॉल हे मशीन ठरवायचं, शुक्रवारपासून अंपायर आणि वर मशीनकडे अपील. मेजर लीगमध्ये तेव्हा नुसता अंपायर. ट्रिपल-एतला डोळा वर तसाच चालेल असं नाही.

हिशेबनीस
मैदानही बघा. ब्रँडन वुडने २००५ मध्ये खालच्या पायरीवरच्या कॅलिफोर्निया लीगमध्ये ४३ होमरन मारले. तिथे बॉल उडतोच. मेजर लीगमधली त्याची एकूण सरासरी ०.१८६. अल्बुकर्कसारख्या पाच हजार फूट उंचीवरच्या, विरळ हवेच्या गावातले होमरनही मी निम्मेच धरतो. त्यापेक्षा स्ट्राइकआउटचं प्रमाण बघावं, ते सरासरीपेक्षा खूप लवकर स्थिरावतं. महिनाभर पुरतो.

ड्युरॅमकर
मावशी, सहा मॅचचं म्हणालात म्हणून सांगतो. सिअ‍ॅटलचा केलेनिक, मे २०२१. त्याच्याही ट्रिपल-एत सहाच मॅच, त्याही झकास. वर आला आणि ओळीने ३९ वेळा हिट नाही. जूनमध्ये खाली. मोसमाची सरासरी ०.१८१. सहा तिकडे, सहा इकडे, मग फरक कशात?

मला वाटतं डबल-एत. चूरिओ २०२३ मध्ये बिलॉक्सीला, म्हणजे डबल-एत, १२२ मॅच खेळला होता. त्या वर्षी त्यांच्या सदर्न लीगमध्ये पहिल्या अर्ध्या मोसमात आधीच चिकट केलेला बॉल वापरून बघत होते. पिचरांची चंगळ, हा झगडत होता, दुसऱ्या अर्ध्यात सावरला. त्याची पडझड खाली होऊन गेली होती. केलेनिकच्या डबल-एत २१ मॅच, आणि २०२० चा मोसम कोविडने खाल्लेला.

मिलवॉकीची_मावशी
म्हणजे तुझे ट्रिपल-एतले ३०० गेलेच की.

तिसरी_स्लिप
तुम्ही सगळे बॅटवर बोलताय. २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला शिकागोच्या कब्जने एप्रिलचे पहिले दिवस खाली ठेवला. कारण काय, तर बचाव सुधारायचाय. स्प्रिंगच्या सराव मॅचमध्ये नऊ होमरन मारलेल्या माणसाचा! मोसमाअखेर त्याच्या खात्यात मेजर लीगचे १७१ दिवस जमा. पूर्ण वर्ष धरायला लागतात १७२. एका दिवसावर, तो करारातून मोकळा होण्याआधी, क्लबला आणखी एक वर्ष मिळालं. तक्रार केली, २०२० मध्ये हरला. आता २०२२ च्या करारात लवकर वर आणणाऱ्या क्लबला जादा ड्राफ्ट पिक मिळू शकतो, तर सगळी पोरं अचानक तयार! आमच्या अमोल मुझुमदारच्या रणजीत एवढ्या धावा, तरी टेस्ट नाही, तेव्हाही…

हिशेबनीस
मुझुमदारला मधे आणू नका हो. तिथे जागा रिकामी नव्हती, इथे करार आहे.

बुलपेनवाला
मुळात खाली पाठवला तर बिघडतं काय? हॉलिडे ३१ जुलैला परत आला, त्याच दिवशी पहिला होमरन, तोही ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना). मोसम ०.१८९ वर संपला ते खरं, पण २०२५ मध्ये १७ होमरन आहेत. मिकी मँटलसारखा दिग्गजसुद्धा १९५१ मध्ये खाली कॅन्सस सिटीला जाऊन आलाच.

ड्युरॅमकर
बरं, ३०० मागे घेतो. ट्रिपल-ए की डबल-ए, कुठेतरी आधी आपटलेला असावा, इतकंच ठेवतो. रविवार मात्र सोडत नाही.

बुलपेनवाला
ठेवा. पुढच्या रविवारी पिचरने मंगळवारी काय टाकलं होतं तेही टिपून आणा. दोन्ही दिवस स्लायडरच निघाले, तर चहा तुमच्याकडून.